विषयवार लेखांचं पान उघडायला एवढा वेळ का लागतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सांगली जिल्ह्यात आता शाळा, वाचनालयं, शेतकरी गट सगळ्यांच्याच वेबसाईट निघायला लागल्यात, लेखही चांगले असतात, पण 'सर्व विषय' म्हणून जे पान असतं ना, जिथं एकेका विषयाखाली त्याचे त्याचे लेख लावलेले असतात, ते पान बऱ्याच ठिकाणी लवकर उघडतच नाही. मी तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार गटाची वेबसाईट सांभाळतो, आमच्याकडंही तेच होतं, म्हणून हे पत्र.

गेल्या ऑक्टोबर छाटणीनंतरची गोष्ट. रात्रभर पाऊस, पहाटे सहाला आमचे अण्णा म्हणजे चुलते बागेत उभे. पानावर तेलकट डाग, पान पालथं केलं तर खाली पांढरी बुरशी, म्हणजे डाऊनी रोगच. कुठलं औषध, किती प्रमाणात, सगळं आमच्या वेबसाईटवरच्या लेखात लिहिलेलं, पण विषयांचं पान नुसतं गोल गोल फिरतंय, रेंजची एक काडी. शेवटी त्यांनी मला फोन केला, "आरं, पान उघडंना तुझं, हितं फवारणीचा ब्लोअर भरायचा थांबलाय." मी घरात बसून त्यांना लेख वाचून दाखवला. फार वाईट वाटलं त्या दिवशी. ६०० लेख जमवले, एकेक तपासून घातला, आणि गरजेच्या टायमाला तो माणसाच्या हातात पडत नसेल तर काय उपयोग?

आधी मला वाटलं रेंजचाच प्रॉब्लेम. होस्टिंगवाले, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साईट ठेवलीय ते, म्हणाले मोठा प्लॅन घ्या. पण आमची साईट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाईट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर आहे, त्यात क्वेरी मॉनिटर नावाचं फुकटचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) टाकून बघितलं तर खरं कारण दिसलं. आमचे विषय १४, खरड छाटणी, फळ छाटणी, डाऊनी, भुरी, बेदाणा वगैरे. कोड असा लिहिलेला की आधी विषयांची यादी आणायची आणि मग प्रत्येक विषयासाठी डेटाबेसकडं, म्हणजे लेख साठवलेले असतात तिथं, परत परत जायचं. वर्डप्रेसमध्ये अशी एक फेरी म्हणजे एक क्वेरी (डेटाबेसकडं केलेली मागणी) नसते, लेख आणायचे, एकूण किती आहेत ते मोजायचं, त्यांची बाकीची माहिती, त्यांचे विषय, असं धरून चार-पाच होतात. म्हणजे नुसत्या यादीसाठी ६०-७० क्वेऱ्या! आणि प्रत्येक वेळी लेखाचा अख्खा मजकूर उचलून आणायचा, पानावर दाखवायचं फक्त शीर्षक आणि तारीख.

आमच्या भागात बेदाणा निवडताना बघा. बाया ढिगापाशी बसतात, हिरवा एका क्रेटमध्ये, पिवळा दुसऱ्या, काळा तिसऱ्या. ढीग एकदाच हाताखालनं जातो. हिरव्यासाठी अख्खा ढीग एकदा चाळा, पिवळ्यासाठी परत चाळा असं कुणी करत नाही. लेखांचंही तसंच करायचं. एकच क्वेरी टाकायची, डेटाबेसमधलं लेखांचं टेबल (तक्ता) आणि लेख-विषय जोडणारी टेबलं जोडून फक्त आयडी, शीर्षक, तारीख आणि विषय मागायचा, आधी विषयानं आणि मग तारखेनं लावून. मग त्या यादीवरनं एकदाच फिरायचं, विषय बदलला की नवं हेडिंग छापायचं, संपलं. एखादा लेख डाऊनीतही असेल आणि फवारणीतही, तर तो दोनदा येतो, ती चूक नाही, दोन्हीकडं दिसायलाच पाहिजे.

इथं बरेचजण दोन ठिकाणी फसतात, मीही फसलो. एक म्हणजे नावावरनं वाटतं की ग्रुप बाय (क्वेरीतली गट करायची आज्ञा) वापरलं की झालं, पण ते प्रत्येक विषयाची एकच ओळ देतं, किती लेख आहेत ते मोजायला ठीक, लेखांची यादी त्यानं मिळत नाही. दुसरं, प्रत्येक विषयाचे ताजे पाचच लेख दाखवायचे असतील तर लिमिट ५ (म्हणजे पाचच ओळी द्या) टाकून चालत नाही, ते सगळ्या यादीला मिळून लागतं आणि पहिल्याच विषयाचे पाच येऊन थांबतात. त्यासाठी रो नंबर आणि पार्टिशन बाय वापरून विषयागणिक नंबर घालायचे आणि पाचपर्यंतचेच घ्यायचे. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०१८ ला ८.० आलं तेव्हापासून आहे, म्हणून होस्टिंगवर जुनं व्हर्जन असेल तर आधी ते बदलून घ्या. स्वतःच टेबल बनवलं असेल तर विषय आणि तारीख मिळून एक इंडेक्स (लवकर शोधायची सूची) करा. आणि तयार झालेली यादी तासाभरासाठी साठवून ठेवायची, नवा लेख पब्लिश झाला की साठवलेली पुसायची, नाहीतर लोकांना जुनीच दिसत राहते.

आमचा कोड तीसेक ओळींचा झाला. प्लॅन तोच, सर्व्हर तोच, आणि पान आता अण्णांच्या त्याच मोबाईलवर बागेतनं उघडतं.

एक विनंती तुम्हालाही. तुमचे शेतीचे लेख मी कात्रणं काढून ठेवतो, पण वेबसाईटवर ते नुसते तारखेनं लागलेत, मागच्या वर्षीचा हळदीचा लेख शोधायचा तर पानामागनं पानं मागं जावं लागतं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात वाईला मराठी विश्वकोश तयार झाला, त्याचा पहिला खंड १९७६ ला आला, छापील खंडात नोंदी अकारविल्ह्यानं आहेत कारण तिथं माणूस शब्द धरून शोधतो. शेतकरी मात्र विषय धरून शोधतो, त्याला कुठल्या तारखेला काय छापलं होतं ते कसं आठवणार? हळद, ऊस, द्राक्ष, डाळिंब असं लावलंत तर आमच्यासारख्यांचं फार मोठं काम होईल.

जिल्ह्यातल्या कुठल्याही वाचनालयाला किंवा शेतकरी गटाला हा कोड हवा असेल तर मी पैसे न घेता बसवून देतो, माझा नंबर तुमच्या ऑफिसात दिलाय. फक्त ऑक्टोबर छाटणीच्या आधी सांगा, नंतर दोन महिने मी बागेतच असतो.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली