वंदे, विमानाबद्दल सगळं सांगते

प्रिय वंदे,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. हो, इथल्या आमच्या शाळेच्या पोरांनी खरंच विमान बांधलं, ड्रोन नाही, मॉडेल नाही, दोन माणसं बसून उडतात तसलं. तू विचारतेस तुमच्या पॉलिटेक्निकला जमेल का, तर त्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर मावणार नाही म्हणून मेल लिहितेय, चहा घेऊन वाच.

किट आहे आरव्ही-१२ नावाच्या विमानाचं, अमेरिकेत ओरेगनमधल्या ऑरोरा गावी व्हॅन्स एअरक्राफ्ट म्हणून कंपनी आहे तिचं. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन नावाच्या माणसानं ती सुरू केली आणि त्यानंच पुढे तिकडे शाळकरी मुलांना घेऊन विमान बांधायचा कार्यक्रमही उभा केला, ते बघून बऱ्याच शाळांनी हे उचललं. लाकडी खोक्यांतून ॲल्युमिनियमचे पत्रे येतात, भोकं आधीच पाडलेली. आधी शेपूट, मग पंख, मग धड, इंजिन सगळ्यात शेवटी. पंख काढता-घालता येतात म्हणून शाळेच्या वर्कशॉपात मावतं. बाकी सगळं पोरांनी करायचं: प्रत्येक कडेची बर, म्हणजे पत्र्याची खरखरीत धार, काढायची, क्लेको नावाचे तात्पुरते चाप लावून पत्रे एकत्र धरायचे (तांब्याच्या रंगाचे एका मापाला, चंदेरी दुसऱ्या, पोरं चार दिवसांत झोपेतसुद्धा ओळखायला लागली), आणि मग पत्रे कायमचे जोडायला पॉप रिव्हेट. हजारो रिव्हेट गं. पहिल्या दिवशी मारामारी असते रिव्हेट गन कुणाच्या हातात म्हणून, महिन्याभरात कुणी हात लावायला तयार नसतं.

आम्ही ओहायोतल्या डेटनजवळ राहतो हे तुला माहितीच आहे, राइट बंधूंचं गाव, इथे दर दोन चौकांनी त्यांचं नाव दिसतं. शिवाय एअर फोर्सचा मोठा तळ, त्यामुळे रिटायर्ड मेकॅनिक चिक्कार. पोरांना शिकवणाऱ्या आम्हा मेंटरांपैकी दोन-तीन तसलेच आहेत आणि त्यातल्या एका आजोबांचा नियम आहे की मेंटरनं वर्कशॉपात शिरलं की हात खिशात घालायचे. मला वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. पोरगा रेंच उलटा धरून झगडतोय, तुला दिसतंय, दोन सेकंदांचं काम आहे, आणि तू हात खिशात घालून उभी. आपल्याकडे शाळेचा प्रोजेक्ट म्हणजे आदल्या रात्री बाबा थर्माकोल कापतायत हे बघत मोठी झालेली मी, मला हे किती जड गेलं असेल बघ.

दुसरा नियम त्याहून कडक. मॅन्युअलमधल्या प्रत्येक स्टेपला एक चौकोन असतो. ज्यानं काम केलं त्यानं त्यात टिक करायची नाही. दुसऱ्यानं येऊन बघायचं, नट किती घट्ट आहे ते मोजणाऱ्या टॉर्क रेंचनं तपासायचं, मग त्याची सही. सुरुवातीला मित्र मित्रावर भरवसा ठेवून न बघताच सही मारायचे, मग आजोबा एखादा नट मुद्दाम सैल करून ठेवायला लागले. सही कुणाची आहे ते वाचून दाखवायचे, बस्स, ओरडणं नाही काही नाही.

याचा खरा उपयोग मला पेट्रोलच्या टाकीच्या वेळी दिसला. या विमानात टाकी सीटच्या मागे असते, जवळजवळ ७५ लिटरची, आणि तिचे सांधे प्रोसील नावाच्या सीलंटनं बंद करायचे. काळा चिकट प्रकार, गंधकाचा वास, एकदा कपड्याला लागला की कपडा गेला. मग टाकीत थोडी हवा भरायची, एका नळीला फुगा बांधायचा आणि वाट बघायची. सकाळी येऊन बघतो तर फुगा लहान झालेला. टाकी केलेल्या दोन मुली रडवेल्या. एक मुलगा म्हणाला, रात्री थंडी पडली, हवा आकसली असेल, गळती नसेलच. आता हे साफ खोटं नाही ना, जानेवारीतलं ओहायो आहे, फुगा तापमानानं लहान-मोठा होतोच. बराच वेळ वाद. मला एका फिटिंगचा संशय होता पण हात खिशात आणि तोंडही बंद. शेवटी त्याच दोघींतली एक म्हणाली, थंडीनं फुगा आकसेल पण बुडबुडे येणार नाहीत, आणि साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक सांध्यावर लावत सुटली. एका फिटिंगवर इवलेसे बुडबुडे. सगळं खरवडून परत केलं. थंडीवाल्या मुलानं खरवडायला मदत केली, तपासणीची सही पण त्याचीच.

मजेशीर गोष्टी पण होत्या. इंजिन रोटॅक्सचं, ऑस्ट्रियातलं, १०० हॉर्सपॉवर. त्याचं ऑइल मोजायच्या आधी पुढचा पंखा (प्रोपेलर) हातानं फिरवत राहायचं, मग इंजिनातलं ऑइल टाकीत परत जातं आणि चक्क ढेकर दिल्यासारखा आवाज येतो. पोरं त्यासाठी नंबर लावतात. एकाला कॉकपिटमध्ये कपहोल्डर बसवायचा होता, त्याला सांगितलं की आपण ज्या प्रकारात नोंदणी करतोय त्यात सर्टिफिकेट मिळेपर्यंत प्लॅनबाहेरचा एक स्क्रूही चालत नाही. आणि दारापाशी एक्सपेरिमेंटल, म्हणजे प्रायोगिक, असं निदान दोन इंच उंच अक्षरांत लिहावं लागतं, तो कायदाच आहे. ते वाचून आयांचे चेहरे बघायला हवे होतेस.

आया म्हटल्यावर आठवलं, आपल्याच एक ताई, देशी, मला बाजूला घेऊन म्हणाल्या की मुलाला टीम लीडर म्हणून लिहून द्या, कॉलेजच्या अर्जाला बरं. मी म्हटलं मॅन्युअलमधल्या त्याच्या सह्यांचा फोटो जोडा. त्या तेव्हापासून माझ्याशी जरा तुटक बोलतात. बोलू देत.

पहिलं उड्डाण मुरलेल्या टेस्ट पायलटनं केलं, पोरांनी नाही. मग ते विकलं आणि त्या पैशातून पुढचं किट आणलं, हे चक्र असंच चालतं. तुझ्या पॉलिटेक्निकचं अडेल ते सरकारी कागदांत, पोरांमुळे नाही. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आठवतात ना, २०१६ च्या मेक इन इंडिया वीकमध्ये त्यांचं विमान ठेवलं होतं, पण डीजीसीएची (विमानांची नोंदणी करणारं आपलं सरकारी खातं) नोंदणी मिळाली २०१७ साली, त्याआधी कित्येक वर्षं कागदांत गेली. तेव्हा विमानानं सुरुवात करू नकोस. शिरोलीच्या एमआयडीसीतून ॲल्युमिनियमचा पत्रा आण, पॉप रिव्हेट हार्डवेअरवाल्याकडे मिळतातच, आणि पंखाचा फक्त हातभर तुकडा करायला लाव, आत रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्या, घालून. इथेही नवी माणसं आधी तसल्या सरावाच्या किटवर हात बसवतात. सह्यांचा नियम मात्र पहिल्या दिवसापासून लाव. आणि तुमच्या त्या वर्कशॉपच्या सरांना हात खिशात घालायला सांग, ते तुला जास्त अवघड जाणार आहे!

आमच्या चेकलिस्टचे कोरे कागद मेलला जोडलेत, मराठी करून घे. शनिवारी फोन कर, तुझ्याकडे संध्याकाळचे सहा वाजायच्या आत, नंतर मी वर्कशॉपात असते, नव्या किटचं शेपूट आलंय.

तुझी,
मीनू