दादाला फोन कर

प्रिय मन्या,

फोन केला की तू मीटिंगमधे असतोस, म्हणून लिहूनच पाठवतोय, पूर्ण वाच. बाबांचे गुडघे तसेच, बाकी सगळे बरे.

नाल्याकाठची तुमची पडीत, बोरी, आवळे आणि तो मोठा बेहडा, दादा तिथे जेसीबी लावतोय. शेजारच्याने त्याची बाजू आधीच साफ केली आणि आता सगळे बोंबलतात की चितळं हरभऱ्यात घुसतात, माजलीत. अबे माजली काय, भुकेली आहेत! ताडोबाच्या भोवतीचं बफर जंगल म्हणजे काय बाराही महिने हिरवंगार असतं का? दिवाळीनंतर गवत वाळतं, नुसती कुसळं उरतात, तरोट्याला आणि घाणेरीला ती तोंड लावत नाहीत. सांबर पाला-डहाळ्या ओरबाडून भागवतं, पण चितळ मुळात गवतावरचं, त्याला या दिवसांत खाली पडलेल्या फळांचा मोठा आधार असतो. चितळ गवताशिवाय काही खातच नाही म्हणून तू शाळेत माझ्याशी बोलणं बंद केलं होतंस, आठवतं? हरलास हे अजून कबूल केलं नाहीस!

परवा सकाळी गेलो होतो तिकडे. आवळ्यावर वानरं, अर्धा खातात अर्धा फेकतात, डहाळ्याच मोडून टाकतात, आणि खाली चितळं माना वर करून उभी. आवळा अख्खा गिळतात. मग सावलीत बसून रवंथ करताना बी तोंडातून बाहेर टाकतात, त्यांच्या बसायच्या जागेवर साफ झालेल्या बियांचे छोटे छोटे ढीग पडलेले असतात. नाल्यापलीकडे आवळ्याची रोपं आलीत ती कोणी लावली सांग बरं.

दादा म्हणतो हरभरा वाढेल. वाढेल, आणि मग तो राखायला पलीकडच्यांसारखा तारेत करंट सोडावा लागेल. त्यात चितळ मरतं, वाघ मरतो, रात्री पाणी द्यायला निघालेला माणूस पण मरतो. गुलाबकाकांचं तू विसरला नसशील.

मी म्हटलं घाणेरी मी उपटतो, तिथे मारवेल गवत लावू, फक्त झाडं राहू द्या. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल, सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे.

फ्लॅटचं पझेशन मिळालं का? छोटीला दात आले म्हणे, फोटो टाक. वहिनींना नमस्कार.

जेसीबीवाला सोमवारी येतोय, त्याच्या आधी फोन कर, मेसेज नको, दादा बघत नाही.

तुझा,
बंडू