विषय: २८ सप्टेंबर २०२५, किगालीच्या (रवांडा) पुरुषांच्या सायकल रोड रेसचं तुमच्या अ‍ॅपवरचं थेट प्रक्षेपण ऐन वेळी बंद पडल्याबद्दल (तिसरी तक्रार)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनवरचा आजचा कॉल आत्ता चार मिनिटांपूर्वी संपला. संपला म्हणजे तिकडून कापला. म्हणून लेखी देतोय.

तुमचं वर्षाचं १,४९९ रुपयांचं सबस्क्रिप्शन मी मालिका बघायला घेतलेलं नाही. जागतिक रोड सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धा तुम्ही 'सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाइव्ह' दाखवणार होतात, त्यासाठी घेतलं. ही स्पर्धा आफ्रिकेत पहिल्यांदाच होत होती. २६७.५ किलोमीटर आणि साडेपाच हजार मीटरच्या आसपास चढाई. रविवार होता, दुपारी जेवणं उरकून टीव्हीसमोर बसलो. साडेतीन तास काही घडत नाही तेव्हा तुमचं चित्र अगदी स्वच्छ होतं. पाचच्या सुमारास सगळे मॉन्ट किगालीच्या चढाला लागले, शर्यत १०४ किलोमीटर उरली होती, गतविजेता पोगाचार सगळ्यांना मागे टाकायला सीटवरून उठला आणि तुमचं गोल चक्र फिरायला लागलं. ते फिरतच राहिलं.

घरचं इंटरनेट चालू होतं. तुमच्याच अ‍ॅपवरच्या जाहिराती एकदाही अडकल्या नाहीत.

मी काय चुकवलं ते सांगतो. पोगाचारच्या मागे आयुसो आणि देल तोरो गेले. एक स्लोव्हेनियाचा, एक स्पेनचा, एक मेक्सिकोचा, पण वर्षभर तिघंही एकाच व्यावसायिक संघाचे. वर्षातून एकदा देशाची जर्सी चढली की तेच सोबती एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात, आणि या रेसची सगळी गंमत तिथे आहे. आयुसो मागे पडला, मग देल तोरो मागे पडला, शेवटचे ६६ किलोमीटर पोगाचार एकटा. मागे बेल्जियमचा एव्हनेपूल सीट बिघडली म्हणून रस्त्याच्या कडेला संघाच्या गाडीची वाट बघत उभा. या स्पर्धेत संघाशी बोलायला कानात रेडिओ नसतो, त्यामुळे हातवारे करण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. त्याची अवस्था मला पुरेपूर कळते, कारण त्याच वेळी मी तुमच्या हेल्पलाइनवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकत होतो.

आता त्या दिवशीचा तो कॉल. बावीस मिनिटांनी एक मुलगा आला.

"सर, आशिया कपची फायनल आपल्या अ‍ॅपवर नाहीये."

म्हटलं, क्रिकेट नाही हो, सायकलची रेस.

"ओके सर. इंडियाची मॅच कोणाशी आहे?"

मी म्हटलं, मॅच नाही, रेस. १६५ जण आहेत.

"सर, एका टीममध्ये?"

मी शांत होतो. खरंच शांत होतो. किगाली, रवांडा, सगळं सावकाश सांगितलं. त्याने काहीतरी टाइप केलं, मला सात मिनिटं होल्डवर ठेवलं आणि परत येऊन म्हणाला, "सर, अ‍ॅप अनइन्स्टॉल करून परत टाका." टाकलं. चक्र तसंच. तेवढ्यात, सात वाजून अडतीस मिनिटांनी, तुमच्याच अ‍ॅपची सूचना आली: 'पोगाचार पुन्हा विश्वविजेता!' चित्र पोचवता येत नाही, निकाल मात्र बरोबर पोचतो. मी त्याला हे सांगितलं, तर तो मनापासून खूश झाला.

"म्हणजे रिझल्ट कळला ना सर? मग आता इश्यू काय आहे?"

त्या पोराचा दोष नाही. आपण काय विकतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. तुम्हाला तरी माहीत आहे, असं मी धरून चाललोय. मी तरुणपणी दोनदा मुंबई–पुणे रेसला उतरलोय. बोरघाट चढताना शेजारच्याचा श्वास ऐकून कळतं की हा आता मागे पडणार. माणूस तो क्षण बघायला बसतो. नाव काय, दुसऱ्या दिवशी पेपरातही येतं.

दुसऱ्या दिवशी 'संपूर्ण रेस' या नावाखाली तुम्ही ५२ मिनिटांचा व्हिडिओ टाकलात. पोगाचारला सहा तास एकवीस मिनिटं लागली. तुम्ही त्याला मागे टाकलंत, अभिनंदन. त्यात मॉन्ट किगालीचा चढ नाहीच. आणि माझ्या दोन्ही तक्रारींवर 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे' असा मेसेज. कोणी सोडवली? आजच्या कॉलवर हेच विचारलं, तर "सर, तिकीट क्लोज दिसतंय" आणि फोन बंद.

वर ती सूचना. पुन्हा लिहितोय, कारण तो राग अजून गेलेला नाही. निदान निकाल तरी लपवायचा होतात.

मला पूर्ण पैसे परत हवेत, आणि सहा तासांची न कापलेली रेस अ‍ॅपवर हवी. पंधरा दिवसांत झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि मग ग्राहक आयोगात जाईन. मी निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे.

२०२६च्या सप्टेंबरात ही स्पर्धा मॉन्ट्रियलला आहे. ऑटो-रिन्यूअल मी आजच बंद करायला गेलो होतो. त्या पानावरही तुमचं चक्रच फिरतंय.

एक ग्राहक, पुणे