रजा न घेणारा माणूस

इंदूर,
रविवार दुपार

प्रिय अव्या,

तुझी पाठ आता कशी आहे? पट्टा लावतोस की खुंटीला टांगून ठेवलायस?

परवा नातवाच्या पुस्तकांसाठी खजुरी बाजारात गेलो होतो. बघावं तिकडे स्पर्धा परीक्षांची गाइडं. बँक पीओच्या जुन्या गाइडांच्या ढिगात एक जाडजूड इंग्रजी थ्रिलर दबलेला दिसला, कव्हरवर तिजोरी आणि पिस्तूल. 'बँकिंग का ही है साब,' म्हणत दुकानदाराने गाइडाच्या भावात दिला. नाव सांगत नाही. तू लगेच मोबाइलवर शेवट शोधशील.

सुरुवातीची शंभरेक पानं सोसावी लागतात. एक चोर मॅनेजरच्या खिशातली किल्ली मारतो आणि सरळ स्ट्राँगरूम उघडतो! तिथे आधीच्या कुणा वाचकाने समासात पेन्सिलीने लिहिलंय, 'दुसरी किल्ली?' गृहस्थ नक्की कॅशमधला. आपल्याकडे एक किल्ली हेड कॅशिअरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघं आल्याशिवाय दार हलायचं नाही, मग बाहेर पेन्शनरांची रांग कितीही वाढो.

पण ती चोरी फसते आणि मग खरं पुस्तक सुरू होतं. लंडनची शाखा, कॉम्प्युटर यायच्या आधीची. एक मितभाषी कारकून वर्षानुवर्षं पडून असलेल्या खात्यांतून थोडे थोडे पैसे काढतो, खड्डा सस्पेन्स खात्यात (न जुळलेल्या रकमा तात्पुरत्या टाकायच्या खात्यात) दाखवतो आणि ऑडिट आलं की ती नोंद उलटवून दुसरी टाकतो. याची टोपी त्याच्या डोक्यावर. धावपळ नाही, गोळीबार नाही, नुसती व्हाउचरं. तरी रात्री दीडपर्यंत दिवा मालवला नाही मी. प्रेमप्रकरण मात्र बिनधास्त गाळ.

हा माणूस कधी रजा घेत नाही. घेणार कसा? त्याच्या जागी दुसरा बसला की नोंद उघडी पडणार. १९९५ मध्ये निक लीसनने सिंगापुरात बसून बेरिंग्ज बँक बुडवली, आठवतं? सौदे तोच करायचा, त्यांचा हिशेबही त्याच्याच हातात. तोटा ८८८८८ नंबरच्या खात्यात सारत गेला. शेवटी एवढी जुनी बँक एका पौंडाला विकली गेली. आपल्या रिझर्व्ह बँकेचाही आता नियम आहे: नाजूक जागेवरच्या माणसाला दरवर्षी, आगाऊ न सांगता, सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवायचं.

वाचताना सारखा तूच डोळ्यांसमोर! २०१० मध्ये आपली स्टेट बँक ऑफ इंदूर स्टेट बँकेत विलीन झाली, तोवर तुझ्या किती रजा लॅप्स झाल्या असतील? आणि साहेब आम्हाला सुनवायचे, 'जोशींकडून शिका!' कादंबरीतला मॅनेजरही अगदी हेच म्हणतो. तू निर्मळ होतास हे मला माहीत आहे, पण ते माहीत असणं म्हणजे तपासणी नव्हे, आणि आपल्या शाखेत कुणाला ते सुचलंही नाही. पुस्तकाने मला धरलं ते इथे.

तो सापडतो कसा, ते सांगत नाही. एवढंच सांगतो, पोलिसांचा त्यात काडीचा संबंध नाही, पोटदुखीचा आहे.

पुढच्या आठवड्यात सुनेचा भाऊ पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पुस्तक पाठवतो. मधली पानं सुटलीत, सांभाळून उघड. आणि वहिनींच्या हाती आधी पडू देऊ नकोस, त्यांचं वाचून होईस्तोवर तुला दिवाळी उजाडेल.

तुझा,
बंड्या