भिंतीच्या पाठीमागे काय भरले आहे, ते विचारा

मा. संपादक,
स. न.

'अतिवृष्टीमुळे संरक्षक भिंत कोसळली' ही बातमी आपल्या अंकात दर जुलैत असते. वाडीचे नाव तेवढे बदलते. कोकणात पाऊस पडणारच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणजे दोन गुंठ्यांच्या परसावर चार महिन्यांत सहा लाख लिटरच्या घरात पाणी. हे पोराबाळांनाही ठाऊक असताना बांधलेली भिंत त्याच पावसाने पडली, तर बोल पावसाला का लावायचा? पंचनाम्यात 'नैसर्गिक आपत्ती' लिहिले की ठेकेदारापासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळे सुटतात, हे खरे कारण.

यंदा आमच्या शेजारच्या वाडीत एका घरामागची भिंत अशीच गेली. दहाएक फूट उंच, चिऱ्याची, दर्जा (दगडांमधले सांधे) भरलेली, दिसायला देखणी. पडलेल्या तोंडाशी उभे राहून पाहिले तर पाठीमागे नुसती लाल माती. घरासाठी जेसीबीने डोंगर कापताना निघालेली, तीच परत लोटलेली. पाण्याला वाट देणाऱ्या खडीचे एक घमेले कुठे दिसले नाही. पाणी बाहेर पडायला पाइप होते, पण त्यांची आतली तोंडे थेट मातीत, चिखलाने गच्च. वरच्या रांगेतले दोन तर आरपार गेलेच नव्हते. बाहेरून वीतभर तुकडे खोचून वर सिमेंट फिरवलेले. मालकाने पाइप हवेत म्हणून सांगितले असणार, आणि ठेकेदाराने पाइप दाखवले.

भिंतीवर मातीचा रेटा असतो हे सगळे जाणतात. उंची दुप्पट केली की तो चौपट होतो, आणि भिंतीला उलथवण्याचा जोर आठपट, हे फार थोडे जाणतात. पाच फुटांची भिंत टिकली म्हणून त्याच जाडीची दहा फुटी उभारणारे गवंडी आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. त्यात मागे पाणी तुंबले की एकूण रेटा कोरड्या मातीच्या दुपटीवर जातो. वर आपली जमीन अशी, की जांभ्याच्या भोकाभोकांतून पाणी भराभर खाली उतरते आणि खालच्या पांढुरक्या, गुळगुळीत चिकणमातीवर येऊन अडते. भिंतीचा पाया त्याच मातीत थांबवला असेल तर वरची चिरेबंदी काय कामाची? पाया कातळाला, निदान घट्ट मुरमाला लागेपर्यंत खणलाच पाहिजे. मजुरी तिथे वाचवतात, कारण ते काम बुजून जाते आणि कुणाला दिसत नाही.

आपले जुने गडगे आठवा. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. पावसात त्यांच्या फटीफटींतून पाणी गळत राहते आणि गडगा जागचा हलत नाही. मात्र गडग्याचे गोडवे गाऊन दहा-बारा फुटांचा उभा काप तसाच दगड रचून धरता येईल असे कुणी समजू नये. ते गडगे कमरेएवढे, फार तर छातीएवढे होते, बुडाला रुंद होते, आणि उतार एका घावात कापण्याऐवजी टप्प्याटप्प्याने घेतलेला होता. आजही जागा असेल तर तोच मार्ग स्वस्त पडतो: एका उंच भिंतीऐवजी दोन ठेंगण्या, आणि वरची भिंत खालचीच्या उंचीच्या निदान दुप्पट मागे. त्याहून जवळ घेतली तर वरचीचा भार खालचीच्या पाठीवर येतो.

जागा नसेल तर भिंत जाड हवी. नुसत्या वजनावर उभ्या राहणाऱ्या दगडी भिंतीचे बूड उंचीच्या निम्म्याहून कमी नको, दोन तृतीयांशापर्यंत असेल तर उत्तम, आणि अंग डोंगराकडे थोडे कललेले. आरसीसी केली तर उभी मुख्य सळई मातीकडच्या अंगाला पडली पाहिजे, कारण ताण तिकडे येतो. ती मध्यभागी किंवा बाहेरच्या अंगाला बांधलेली मी पाहिली आहे. खाऱ्या वाऱ्यात सळईवर काँक्रीटचे आवरणही पुरेसे हवे, नाहीतर काही वर्षांत गंजून फुगते आणि पापुद्रे सुटतात. पण भिंत कुठलीही असो, पाठीमागे फूटभर रुंदीचा खडीचा पट्टा तळापासून वरपर्यंत हवा. खडी आणि माती यांच्यात जिओटेक्स्टाइल कापड हवे, म्हणजे गाळ खडीत शिरत नाही. बुडाशी भोके पाडलेला पाइप हवा, त्याचे तोंड भिंतीच्या पलीकडे मोकळ्या गटारात. आणि अंगात दर दीड मीटरवर खरोखर आरपार गेलेली, बाहेर उतरती भोके.

बांधून झाल्यावरही आपणच तिचे वैरी होतो. शौचालयाचा शोषखड्डा नेमका भिंतीच्या वरच्या अंगाला. पागोळीचे पाणी तिच्या पाठीत. न्हाणीचे पाणी केळीला, आणि केळ भिंतीच्या पायथ्याशी, जिथली जमीन कोरडी राहायला हवी. फणसाचे रोप तर हमखास तिथेच.

दरडीखाली गेलेल्या तळिये, इर्शाळवाडी यांचा विषय वेगळा. डोंगराचा कडाच सुटला तर परसातली भिंत काय अडवणार? पण जे अडवता येते त्याचे ज्ञान आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ कोकण रेल्वेच्या रुळांवर दरड येऊन पन्नासहून अधिक प्रवासी गेले. त्यानंतर रेल्वेने कापांचे उतार कमी केले, जाळ्या बसवल्या, वरून येणारे पाणी वळवायला चर काढले. भारतीय मानक ब्यूरोची आयएस १४४५८ ही संहिता खास डोंगराळ भागातल्या संरक्षक भिंतींसाठी आहे, तिचा तिसरा भाग सुक्या, म्हणजे चुना-सिमेंटाशिवायच्या, दगडी भिंतींच्या बांधकामाचा. ती १९९७-९८ पासून उपलब्ध आहे.

दिवाळीनंतर पुन्हा 'संरक्षक भिंत बांधणे' असे फलक वाडीवाडीत लागतील. ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे, की अंदाजपत्रकात खडी, कापड आणि पाइप ही स्वतंत्र बाब धरावी आणि माती लोटण्यापूर्वी पाठीमागचे फोटो घेतल्याशिवाय बिल काढू नये. खासगी घरमालकांनीही शेवटचा हप्ता त्या फोटोंनंतरच द्यावा. आणि आपल्या वार्ताहरांनी पुढच्या जुलैत पडलेल्या भिंतीपाशी गेल्यावर पाऊस किती झाला हे विचारून झाले की पाठीमागे काय भरले होते, हेही विचारावे.

– एक वाचक, लांजा (जि. रत्नागिरी)