राजपार्ट दोन, राक्षस एक

वेंगुर्ला,
४ डिसेंबर

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मार्व्हल कंपनीच्या कॉमिक्समधले नायक दोन गट करून आपसांत लढतात त्या 'सिव्हिल वॉर'चा खंड घेतलास आणि मध्येच हरवलास, हे वाचून हसू आलं. स्पायडर-मॅन आयर्न मॅनच्या एवढा पुढे-मागे का करतो, थॉर मेला कधी, आणि निम्मी भांडणं खंडाबाहेर कुठेतरी झाल्यासारखी का वाटतात, असे तुझे तीन प्रश्न. एवढ्यावर भागलं असतं तर फोनच केला असता. पण शेवटी तू चिडून लिहिलंयस, 'सगळ्यांना एकत्र आणतात कशाला मेले?' याला पत्रच पाहिजे.

कशाला म्हणजे काय? आपल्यालाच ते हवं असतं म्हणून. इंद्रजाल कॉमिक्समधलं वेताळाचं लग्न आठव. मराठी अंक, ओलसर कागद, आणि वऱ्हाडात जादूगार मँड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार! ली फॉकने मँड्रेक काढला १९३४ मध्ये, वेताळ १९३६ मध्ये, आणि १९७७ च्या त्या लग्नात एकाला दुसऱ्याच्या मांडवात आणून बसवलं. मँड्रेकने तिथे काही पराक्रम केला नाही, पाहुणा म्हणून आला इतकंच. तरी आपण हरखलो होतो. मँड्रेकला वेताळ माहीत आहे! म्हणजे मँड्रेकच्या झनाडूहून निघालेला माणूस वेताळाच्या खोपडीच्या गुहेपर्यंत पोचू शकतो. जमीन एकच आहे. मोठमोठ्या महायुद्धांनी नंतर मला जे दिलं नाही, ते त्या पाहुण्याने दिलं होतं.

मार्व्हलवाल्यांनी हे फार लवकर ओळखलं. त्यांचे बहुतेक नायक एकाच न्यूयॉर्कमध्ये राहणारे. १९६३ साली स्पायडर-मॅनच्या स्वतःच्या मासिकाचा पहिला अंक निघाला, त्यात हा पोरगा फँटॅस्टिक फोरच्या इमारतीत घुसतो, त्यांच्याशी चार हात करतो, आणि मग कळतं की स्वारी नोकरी मागायला आलीय! घरात मे काकूची ओढाताण चाललेली. आमच्याकडे पगार नसतो म्हटल्यावर तोंड फिरवून चालता होतो. दोन-चार पानांचा मामला, पण दोन्ही घरं कळतात: यांची श्रीमंती, याची नड.

आता इकडे जत्रा सुरू झाल्यात, त्यामुळे डोक्यात दशावतारच घोळतोय. तू डोंबिवलीला गेल्यापासून संयुक्त दशावताराचं वेड फार वाढलंय. 'जिल्ह्यातील नामवंत कलावंतांच्या संचात', खाली मोठ्या अक्षरांत 'ट्रिकसीनयुक्त', आणि फलकावर फोटोंची रांग. या कंपनीचा राजपार्ट, त्या कंपनीचा खलनायक, तिसरीचा स्त्रीपार्ट. गर्दी लोटते, मीही जातो. लिखित संहिता नाही, संवाद उभ्या उभ्या रचायचे. त्यात दोन कसलेले राजपार्ट समोरासमोर आले की जे होतं ते एकट्या कंपनीच्या खेळात होत नाही. एकाने शब्द टाकला की दुसऱ्याला तिथल्या तिथे उचलावा लागतो, आणि पेटीवाला दोघांकडे आळीपाळीने बघत असतो.

पण फोटो जास्त झाले की बिघडतं. प्रत्येकाला आपली एन्ट्री हवी, आपलं पद हवं, आपल्या टाळ्या हव्यात. कथानक विंगेत खोळंबून राहतं. परवा असंच झालं. पहाट व्हायला आली तरी असुराच्या दरबारात नवनवे पाहुणे येतच होते. मागून एक म्हातारा ओरडला, "अरे, राकस कधी मारतलास? उजाडाक इला!"

तुझ्या हातातल्या खंडाचं दुखणं तेच आहे, नंदू.

कॉमिक्समधल्या अशा मेळाव्यांचा मोठा खेळ सुरू झाला १९८४ साली, मार्व्हलच्या 'सीक्रेट वॉर्स'ने. बारा अंक, लेखक जिम शूटर, जो त्या वेळी मार्व्हलचा मुख्य संपादकही होता. मॅटेल कंपनीला खेळणी काढायची होती, त्यासाठी एक मोठी गोष्ट हवी होती. नावसुद्धा मुलांना कोणते शब्द आवडतात ते बघून ठरलं, असं शूटरनेच सांगितलंय. म्हणजे मुळात बाहुल्या खपवायचा धंदा. पण धंद्यातून चांगलं काही निघत नाही असं मी मानत नाही. त्यात चौथ्या अंकात मोलेक्यूल मॅन नावाचा खलनायक नायकांवर अख्खी डोंगररांग टाकतो, आणि हल्क ती खांद्यांवर पेलून धरतो. फँटॅस्टिक फोरचा म्होरक्या रीड रिचर्ड्स त्याला मुद्दाम टोमणे मारत राहतो, कारण राग उतरला तर ताकद उतरेल आणि सगळे चिरडतील. एवढे नायक एकत्र आणल्यावर असं एखादं पान मिळत असेल तर मी बाहुलीवाल्यांना माफ करीन.

आणि एक युक्ती बघ. त्या वर्षी सगळे नायक आपापल्या मासिकांतून नाहीसे झाले आणि पुढच्याच महिन्यात परत आले, पण बदलून. स्पायडर-मॅन काळ्या पोशाखात. फँटॅस्टिक फोरमधला थिंग आलाच नाही, त्याच्या जागी शी-हल्क. तिकडे काय घडलं ते मात्र बारा महिने थोडं थोडं करून उलगडत गेलं. काळा पोशाख आला कुठून हे कळायला आठव्या अंकापर्यंत थांबावं लागलं, आणि त्याच पोशाखातून १९८८ मध्ये व्हेनम हा खलनायक निघाला. म्हणजे मेळाव्यातून प्रत्येक जण काहीतरी घेऊन घरी गेला, आणि घरी ते पुढे वाढलं.

डीसीची, म्हणजे सुपरमॅनवाल्या दुसऱ्या कंपनीची, अडचण वेगळी. त्यांच्याकडे १९६१ मध्ये नव्या फ्लॅशची जुन्या फ्लॅशशी गाठ घालून दिली, दोघांच्या पृथ्व्या वेगळ्या ठरवल्या, आणि मग पृथ्व्यांची पैदास सुरू झाली. १९८५ मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' काढून ती आवरली. सातव्या अंकात सुपरगर्ल मेली, आठव्यात बॅरी ॲलन, म्हणजे फ्लॅश. बॅरी २००८ पर्यंत मेलेलाच राहिला, हे या धंद्यात फारच झालं. मधल्या काळात त्याचा चेला वॉली वेस्ट फ्लॅश म्हणून मोठा झाला, आणि मला विचारशील तर गुरूपेक्षा सरस झाला. मरण पाळलं की मागे राहिलेल्यांना जागा मिळते. पण बाकीची आवराआवर काही जमली नाही. हॉकमॅनचा इतिहास तर असा गुंतला की विचारू नकोस. गुंता सोडवायला १९९४ मध्ये 'झीरो अवर', मग २००५ मध्ये 'इन्फिनिट क्रायसिस', मग २०११ मध्ये 'फ्लॅशपॉइंट'. एक साफसफाई झाली की तिने केलेला पसारा आवरायला दुसरी.

हे थांबत का नाही? अमेरिकेतले कॉमिक्सचे दुकानदार बहुतेक माल परत न करण्याच्या बोलीवर घेतात. न खपलेला अंक त्यांच्या गळ्यात. म्हणून ज्याचा गाजावाजा मोठा त्याची मागणी ते जास्त नोंदवतात, आणि म्हणून प्रकाशक गाजावाजा करत राहतो. शिवाय एका मासिकाच्या वाचकाला गोष्ट पुरी करायला आणखी पाच मासिकं घ्यावी लागली तर कोणाला नको आहे? मार्व्हलचीच यादी बघ: २००५ हाऊस ऑफ एम, २००६ सिव्हिल वॉर, २००७ वर्ल्ड वॉर हल्क, २००८ सीक्रेट इन्व्हेजन, २०१० सीज, २०११ फिअर इटसेल्फ, २०१२ ॲव्हेंजर्स विरुद्ध एक्स-मेन. दरवर्षी जग बदलणार, पुन्हा पूर्वीसारखं राहणार नाही. या धामधुमीत एखादा बिचारा लेखक आपल्या मासिकात दोन वर्षांची गोष्ट हळूहळू रचत असतो, त्याला ती ठेवून तीन महिने दुसऱ्याच्या लढाईला नायक उसना द्यावा लागतो. मला खरा राग याचा आहे. स्वतःचं घर राहिलं नाही तर तो माणूस मेळाव्याला येणार कुठून?

आपल्यासारख्या लांबच्या वाचकाचे हाल तर आणखी. माझा मामेभाऊ फोर्टच्या फुटपाथवरून जुने अंक आणायचा, आठवतंय? त्यात १९९० च्या 'एक्स-टिंक्शन अजेंडा'चे दोन तुकडे होते. ती नऊ भागांची गोष्ट तीन मासिकांत वाटलेली: अनकॅनी एक्स-मेन, न्यू म्यूटंट्स, एक्स-फॅक्टर. प्रत्येक भागाच्या शेवटी 'पुढचा भाग अमक्या अंकात', आणि तो अमका अंक वेंगुर्ल्याच्या पंचक्रोशीत कुठेच नाही. लग्नाच्या वयाचा घोडा मी, रात्री पडल्या पडल्या मधले भाग स्वतःच रचायचो. पुढे ते सगळे वाचायला मिळाले. माझे बरे होते. (हसू नकोस.) त्या मानाने डीसीने सुपरमॅनची सोय बरी केली होती. १९९१ पासून त्याच्या सगळ्या मासिकांच्या मुखपृष्ठावर छोट्या त्रिकोणात क्रमांक असायचा, कोणता अंक कितवा वाचायचा ते सांगणारा. आता अ‍ॅपवर सगळं ओळीने लावलेलं मिळतं, पण ओळ लावून मिळाली म्हणून गोष्ट लांबलेली काही कमी होत नाही.

आता तुझे प्रश्न, झटपट. थॉर २००४ मध्ये त्याच्या स्वतःच्या मासिकात रॅग्नारोकमध्ये, म्हणजे देवांच्या प्रलयात, संपला. खंडात दिसतो तो नकली आहे. टोनी स्टार्कने (हाच आयर्न मॅन) पीटरला, म्हणजे स्पायडर-मॅनला, घरच्यांसकट आपल्या टॉवरमध्ये ठेवून घेतलं होतं, म्हणून तो आदर. आणि हो, निम्मी भांडणं खरंच बाहेर आहेत. मुख्य गोष्ट सात अंकांची, मार्क मिलरने लिहिलेली, स्टीव्ह मॅकनिव्हनने काढलेली. तिचे अंक रखडले तसे तिच्यावर अवलंबून असलेल्या मासिकांचेही रखडले. शिवाय प्रत्येक लेखकाचा टोनी निराळा. मुख्य गोष्टीत तो नाइलाजाने कठोर झालेला माणूस वाटतो, दुसरीकडे सरळसरळ हुकूमशहा. आपण कोणाची बाजू घ्यायची हेच कळेनासं होतं, आणि बाजू घ्यायला लावणं हाच तर त्या गोष्टीचा सगळा डाव होता.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी पीटर पत्रकारांसमोर मुखवटा काढतो ना, ते पान मी परत परत पाहिलंय. चाळीसहून जास्त वर्षं जपलेलं गुपित! त्याच्या स्वतःच्या मासिकात त्याचे परिणाम चांगले उमटलेही, मे काकूला गोळी लागेपर्यंत. आणि मग २००७ च्या अखेरीस मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून सगळं पुसून टाकलं. गुपित पुन्हा गुपित, आणि १९८७ मध्ये झालेलं मेरी जेनशी लग्न झालंच नाही! एवढं मोठं दार उघडायचं आणि आत पाऊल टाकायच्या आधी बंद करायचं, तर उघडलंत कशाला?

मार्व्हल आणि डीसी या दोन कंपन्यांच्या नायकांच्या भेटी हा वेगळाच प्रकार. १९७६ मध्ये सुपरमॅन आणि स्पायडर-मॅन पहिल्यांदा एका अंकात आले तो मोठ्या आकाराचा अंक अजून लोक जपून ठेवतात. १९९६ मध्ये तर दोन्हीकडच्या नायकांच्या झुंजी लावल्या आणि कोण जिंकणार यावर वाचकांची मतं घेतली. लोकप्रिय तो विजयी. मार्व्हलच्या स्टॉर्मने डीसीच्या वंडर वुमनला हरवलं, मार्व्हलच्याच वोल्व्हरिनने डीसीच्या लोबोला. ही दुसरी मारामारी दारूच्या गुत्त्यातल्या काउंटरमागे होते, आपल्याला दिसतच नाही. वोल्व्हरिन तेवढा सिगार ओढत वर येतो. लेखकाने हात टेकले म्हण की मतदारांना कोपरखळी मारली म्हण.

तुला एकच वाचायचं असेल तर कर्ट ब्युसिक आणि जॉर्ज पेरेझ यांचं जस्टिस लीग-ॲव्हेंजर्स मिळव, डीसीचा संघ आणि मार्व्हलचा संघ. १९८३ मध्येच व्हायचं होतं, पेरेझने काही पानं काढलीही होती, पण कंपन्यांचं आपसांत बिनसलं आणि राहिलं ते २००३ पर्यंत. चारच अंक. राक्षस कोण, वस्तू कोणत्या शोधायच्या, हे मी विसरूनही गेलो. विसरलो नाही ते एकमेकांच्या घरी गेल्यावर या लोकांना काय दिसतं ते. सुपरमॅनला मार्व्हलची पृथ्वी बघून वाटतं, या लोकांनी आपल्या जगासाठी काही केलंच नाही. कॅप्टन अमेरिकाला डीसीच्या जगातले पुतळे आणि संग्रहालयं बघून वाटतं, हे लोकांना पाया पडायला लावतात. फ्लॅशचा वेग तिकडे चालतच नाही. ही भांडणं ठोशांची नाहीत, रीतीची आहेत, आणि दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर पेरेझने दोन्ही संघांचे झाडून सगळे सभासद काढलेत. इतकी गर्दी, पण एकेक चेहरा वेगळा ओळखता येतो. २०२२ मध्ये तो आजारी असताना मदतीसाठी याच्या ७,००० प्रती पुन्हा छापल्या होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला.

सिव्हिल वॉरमध्ये मात्र सात मुख्य अंक आणि स्पायडर-मॅनचे तेवढे वाच. बाकीचे शोधत बसू नकोस. पुढच्या खेपेला येताना खंड घेऊन ये, मला ते मुखवट्याचं पान मोठ्या कागदावर बघायचंय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लिहूनच पाठव. आणि त्या काउंटरमागे नक्की काय झालं असेल यावर तुझं मत आधी कळव. माझं ठरलेलं आहे, पण मी आधी सांगणार नाही.

तुझा,
दाजी