स्वायत्तता दिल्याने नव्हे, काढून घेतल्याने

मा. संपादक,

अल्पसंख्य समूहांना स्वायत्तता दिली की देश फुटतात, असा सूर आपल्या रविवारच्या लेखात होता. तो पटला नाही. पूर्व भागात तेलुगू, बाजारात कन्नड, मराठी आणि उर्दू ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला तरी भाषा वेगळी म्हणून कोणी वेगळा देश मागत नाही, हे सांगावे लागत नाही. दिलेला शब्द मोडला की मग माणसे तिथवर जातात.

आफ्रिकेतल्या इरिट्रियाचेच पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार १९५२ मध्ये तो स्वतःची विधानसभा, झेंडा आणि भाषा राखून इथिओपियाला जोडला गेला. सम्राट हैले सेलासी यांनी झेंडा उतरवला, इथिओपियाची अम्हारिक भाषा लादली आणि १९६२ मध्ये ती व्यवस्थाच गुंडाळली. जिने ती घडवून आणली, ती जागतिक संघटना गप्प राहिली. १९६१ मध्येच पेटलेले युद्ध तीस वर्षे चालले आणि १९९३ च्या सार्वमतात ९९ टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. १९६२ मध्ये कुणी ठामपणे जाब विचारला असता तर? हा प्रश्न मला फार छळतो.

याउलट फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधली आलँड बेटे. तिथल्या स्वीडिश भाषकांना बेटांसह स्वीडनमध्ये सामील व्हायचे होते. १९२१ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाने बेटे फिनलंडकडे ठेवली, पण भाषा, शाळा आणि जमीन यांची हमी घेऊन. फिनलंडने ती पाळली. शंभर वर्षे उलटली, बेटे फिनलंडमध्येच आहेत आणि शांत आहेत.

आपल्या शेजारी श्रीलंकेत १९५६ मध्ये फक्त सिंहली राजभाषा झाली. पुढच्याच वर्षी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी पंतप्रधान बंडारनायके यांनी तमिळ भागांना काही अधिकार देणारा करार केला आणि विरोध होताच तो मागे घेतला. यादवी युद्ध पेटायला अजून पंचवीस वर्षे होती. एवढा अवधी हाती असताना राजनय काय करत होता?

१९८७ च्या भारत-श्रीलंका करारावर राजीव गांधींची सही आहे. त्यातून आलेल्या श्रीलंकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीतले जमीन आणि पोलिसांचे अधिकार प्रांतांना आजवर पूर्णपणे मिळालेले नाहीत. प्रांतिक परिषदांच्या निवडणुकाही वर्षानुवर्षे रखडल्या. बंदुका थांबल्या म्हणून हा विषय मिटला असे दिल्लीने मानू नये. सही करणारा देश म्हणून कोलंबोला प्रत्येक भेटीत याची तारीख विचारावी आणि मिळालेले उत्तर आपल्या संसदेपुढे ठेवावे.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, सोलापूर